सह्याद्रीपलीकडचे दगड आणि त्यांतील जीवसृष्टी

(जयसिंगपूर येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात दिलेले व्याख्यान)



2019 साली कृष्णा-पंचगंगेला जो महापूर आला, तो आपल्या शिरोळ तालुक्यातील कोणी विसरणे शक्य नाही. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या कित्येक शाळांतून वीत-वीत गाळ निघाला. आपण सर्वांनी तो खोरी-पाट्यांनी उपसून बाहेर टाकला आणि त्या वेळी दुसरे काही सुचण्याजोगी मनःस्थितीही नव्हती. परंतु पुढे उन्हाने त्या गाळाच्या खपल्या झाल्या, तेव्हा एका शाळेच्या आवारात मुले त्या उचलून पाहात असलेली मी पाहिली. एका खपलीवर पिंपळपानाची शिरान् शीर उमटली होती. दुसरीवर बगळ्याच्या पायाची तीन बोटे होती. तिसरीत एक गोगलगाय शंखासह रुतून बसली होती. ज्या विषयावर मला आज बोलावयाचे आहे, तो सारा विषय त्या तीन खपल्यांत होता.

प्राणी मेला की त्याचे शरीर कुजते, कोल्ही-कुत्री ते खातात, हाडे उन्हापावसाने झिजून जातात. हजारांत एखाद्याच जिवाच्या वाट्याला असे येते की, मरताक्षणीच तो बारीक गाळाखाली गाडला जातो. त्या गाळावर दुसरा थर बसतो, त्यावर तिसरा. भाराने गाळाचा दगड होतो. हाडांच्या नि लाकडाच्या सूक्ष्म पोकळ्यांत पाण्यातील क्षार शिरून बसतात आणि मूळ आकार कायम राहून द्रव्य मात्र पाषाणाचे होते. यालाच जीवाश्म म्हणतात. कधी शरीर उरतच नाही; केवळ त्याचा ठसा उरतो. तोही जीवाश्मच होय.

आता मुले आपणांस पहिला प्रश्न विचारतील तो हा की, "गुरुजी, आपल्या गावच्या दगडात हे सापडेल का?" याचे प्रामाणिक उत्तर 'बहुधा नाही' असे आहे, आणि ते का, हे सांगता येणे शिक्षकाला आवश्यक आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वराचे देऊळ ज्या काळ्या पाषाणाचे बांधले, पन्हाळ्याच्या पायथ्याशी जो दिसतो, आपल्या विहिरीच्या तळाशी ज्याला सुरुंग लावावा लागतो, तो दगड पाण्यात बसलेल्या गाळाचा नव्हे. तो एके काळी तापलेला रस होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून हा लाव्हारस वर आला आणि पसरला. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. आज झीज होऊन जो उरला आहे, त्यानेच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. अशा रसात सापडलेला जीव जळून जाणार, त्याचा ठसा राहणार कोठून? काळ्या दगडातील पोकळ्यांत पांढऱ्या गारा नि काचेसारखे स्फटिक सापडतात, ते पाहून कोणी त्यास दात किंवा हाड समजतो. ते दगडात झिरपलेल्या पाण्याने मागे ठेवलेले खनिज आहे. तसेच काही दगड फोडले असता आत नेच्यासारखी काळी नक्षी दिसते. तीही वनस्पती नव्हे. फटीत शिरलेल्या मँगनीजच्या क्षाराची ती रांगोळी होय. एका शाळेच्या प्रदर्शनात असा दगड 'प्राचीन वनस्पती' अशी चिठ्ठी लावून मांडलेला मी पाहिला आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याला मी हसलो नाही, कारण माझ्या हातून याहून मोठी चूक झालेली आहे. तिच्याविषयी पुढे सांगतो.

लाव्हा एका दमात आला नाही, हे वर सांगितले. एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये शेकडो, कधी हजारो वर्षांचा निवांत काळ जाई. त्या काळात खडकावर माती तयार होई, पावसाचे पाणी खळग्यांत साठून तळी होत, तळ्यांत शेवाळ, शिंपले, मासे येत. मग पुन्हा भेग उघडे आणि तळ्यावर जळता रस पसरे. तळ्याच्या तळचा गाळ मात्र दोन पाषाणांच्या मध्ये, वहीत ठेवलेल्या पानासारखा, जपून राही. आपल्या दख्खनच्या दगडांत जीवसृष्टी शोधावयाची ती या मधल्या पातळ थरांत. विदर्भात, चंद्रपूरकडे, लाव्हा येण्यापूर्वी बसलेल्या गाळाच्या खडकांत पिसदुरा, डोंगरगाव येथे प्रचंड सरटांची हाडे मिळाली आहेत. पण मला आज आपणांस घाटाखाली, समुद्राकडे न्यावयाचे आहे.

मुंबईतील वरळीची टेकडी आज इमारतींखाली दिसेनाशी झाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे पाण्याच्या निचऱ्याच्या कामासाठी खोदाई झाली, तेव्हा वरच्या काळ्या पाषाणाखाली गाळाचे मऊ, काळसर थर उघडे पडले आणि त्यांत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे निघाले. एखाददुसरा नव्हे, एका थरात दाटीने. ते नमुने इंग्लंडात रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाकडे गेले आणि त्याने 1847 साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याने दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थच 'इवलासा बेडूक' असा आहे. पुढे 1930 साली नोबल या प्राणिशास्त्रज्ञाने हा बेडूक आपल्या नेहमीच्या बेडकांच्या गोत्रातील नव्हे असे ठरवून त्याला 'इंडोबॅट्रॅकस' हे स्वतंत्र नाव दिले. मुंबईच्या लष्करात शल्यवैद्य असलेले हेन्री कार्टर यांनी 1852 मध्ये मुंबई बेटाच्या भूगर्भरचनेवर निबंध लिहिला. त्यांनी या थरांतील कासवाचेही वर्णन केले आणि त्याला आपले सहकारी डॉ. लीथ यांचे नाव दिले. हे कासव ज्या गटाचे, त्या गटातील कासवे मान सरळ आत ओढून घेत नाहीत. ती आडवी वळवून पाठीच्या कडेखाली लपवितात. आज त्यांचे भाईबंद आफ्रिका, मादागास्कर व दक्षिण अमेरिका येथे आढळतात; आपल्या नद्यांत एकही नाही. हे सर्व भूभाग पूर्वी एकमेकांस जोडलेले होते याची अशी साक्ष मुंबईच्या एका टेकडीने दिली आहे.

पण माझ्या मते वर्गात सांगावयाची खरी गोष्ट कासवापेक्षा बेडकाचीच आहे. पाचवीच्या मुलासही ठाऊक असते की बेडूक गोड्या पाण्यात राहतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात त्याची अंडी-पिल्ली जगत नाहीत. मग वरळीला, जेथे आज भरतीच्या लाटा दगडावर आदळतात, तेथे बेडूक कसा? मुलांना इथे थांबू द्यावे. उत्तर घाईने सांगू नये. कोणीतरी म्हणेलच की, "तेव्हा तिथे समुद्र नसेल." तोच निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला! तेथे गोड्या पाण्याचे उथळ तळे होते. त्याच थरांत वनस्पतींचे अवशेष आणि शिंपल्यासारखे दुपाखी कवच असलेले सूक्ष्म जलजीवही आहेत. मुंबईचे हे खडक दख्खनच्या मुख्य लाव्हाहून थोडे अलीकडचे, सुमारे सव्वासहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्याच सुमारास भारताच्या पश्चिमेकडील जमीन, जिचा तुकडा आज सेशेल्स बेटांच्या रूपाने दूर समुद्रात उभा आहे, आपल्यापासून विलग होत होती. मधला भाग खचला आणि समुद्र आत आला. घाटमाथ्यावर लाव्हाचे थर जवळजवळ सपाट दिसतात. मुंबईकडे मात्र ते पश्चिमेला कललेले आहेत, जणू काठ खाली ओढला गेला आहे.

आपली कृष्णाही याचीच साक्ष देते. महाबळेश्वरी जेथे ती उगम पावते, तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत 65 किलोमीटरांच्या आसपास. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे 1,400 किलोमीटर चालत पूर्व समुद्राला मिळते. उदगावच्या पुलावर उभे राहून मुलांना नदीची दिशा दाखविताना हा प्रश्न अवश्य विचारावा.

येथे काळाच्या मोजमापाविषयी एक युक्ती सांगतो. 'कोटी वर्षे' हा शब्द मुले ऐकतात, पण त्यांस त्याचा काही बोध होत नाही. आपणांस तरी कोठे होतो! एक सुतळी घ्यावी आणि एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख वर्षे असे धरावे. दख्खनच्या लाव्हासाठी 6 मीटर 60 सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेचौदा हात सुतळी लागेल. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत ती ताणावी. वरळीचा बेडूक दूरच्या टोकापासून अवघा पाऊण हात अलीकडे बसतो. आपल्यासारख्या माणसाचा उदय सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे अलीकडच्या टोकाची तीन बोटेही भरत नाहीत. मग कोणीतरी शिवाजी महाराजांचा काळ विचारतोच. तो या सुतळीवर दाखविता येत नाही. केसाच्या जाडीहूनही तो कमी भरतो. ही गोष्ट सांगितली की वर्गात जी शांतता पसरते, ती मला फार आवडते.

आता दक्षिण कोकणाकडे वळू. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना जांभा दगड परिचित आहे. काळ्या पाषाणावर युगानुयुगे मुसळधार पाऊस पडून त्यातील विरघळणारे क्षार वाहून जातात, लोह व अॅल्युमिनियम मागे राहते आणि सच्छिद्र, तांबडा जांभा तयार होतो. त्याचेच चिरे काढून घरे बांधतात. जांभ्यात जीवाश्म टिकत नाहीत. परंतु काही ठिकाणी या जांभ्याखाली आणि मूळ काळ्या पाषाणाच्या वर निळसर-पांढऱ्या चिकणमातीचे थर आहेत आणि त्या मातीत काळे, कोळशासारखे लाकूड, पाने व फळे सापडतात. या लाकडाला लिग्नाइट म्हणतात. कोळसा होण्याच्या वाटेवर अर्ध्यात थांबलेले ते झाड. भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे विल्किन्सन यांनी 1871 मध्ये दक्षिण कोकणच्या भूरचनेवर जे टिपण प्रसिद्ध केले, त्यात या थरांची नोंद आहे. पुढे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी या मातीतील पराग सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. झाड कुजते, पण परागकणाचे कवच असे चिवट की कोट्यवधी वर्षे टिकते. त्यावरून त्या काळी येथे सदाहरित अरण्य, ताडमाडांच्या जातीची झाडे आणि खाडीकाठची खारफुटी होती असे दिसते. हा काळ मायोसीन नावाचा. आपल्या सुतळीवर दीड-दोन मीटरांच्या आसपास. म्हणजे वरळीला ज्या समुद्राचा मागमूस नव्हता, तो या वेळेपावेतो कोकणात आला होता आणि त्याच्या कडेने खारफुटी उभी होती.

माझी चूक याच थरातील आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या आरंभी, मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीवर होतो. उन्हाळ्यात शाळेजवळच्या विहिरीचा गाळ काढून ती आणखी खोल खणण्याचे काम निघाले. जांभा संपला, निळी चिकणमाती लागली आणि तिच्यातून काळी ढेकळे वर येऊ लागली. लोक म्हणाले, "पूर्वी इथे वणवा लागला असेल." मला काहीच ठाऊक नव्हते, म्हणून मीही मान डोलावली. चौथीतला एक मुलगा त्यातले एक ढेकूळ दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आला. ते ओले होते आणि मधोमध उकलले होते. आतल्या बाजूस एक संपूर्ण पान होते. काळसर तपकिरी, देठासकट. "गुरुजी, हे पान कुठल्या झाडाचं?" असे त्याने विचारले. त्या वेळी मी हजेरीपट मिटवीत होतो. मी त्याला सांगितले, "कोळसा आहे तो, हात काळे होतील, टाकून ये." त्याने टाकले नाही, खिडकीत ठेवले. तेथे ऊन येत असे. दोन दिवसांत ते ढेकूळ वाळून तडकले, पानाची भुकटी झाली आणि उरलेले तुकडे कोणीतरी चुलीत घातले. जळताना त्याला गंधकाचा वास आला एवढेच मला आठवते.

पुढे बदली होऊन मी घाटावर आलो आणि काही वर्षांनी एका पुस्तकात रत्नागिरीच्या लिग्नाइटचे वर्णन वाचले : जांभ्याखाली निळी माती, तिच्यात पाने व फळे, आणि गंधकयुक्त लोहखनिज, ज्याच्यामुळे जळताना तो वास येतो. सारे एकेक करून जुळत गेले. ते पान कोणत्या झाडाचे, हे त्या दिवशी मला सांगता आले नसते, यात लाज नाही. जगात थोड्याच लोकांना ते सांगता आले असते. पण त्या मुलाने जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न घेऊन शास्त्रज्ञ आयुष्य घालवितात आणि मी त्याला हात धुवायला पाठविले. विहिरीला पाणी लागले, वर कठडा बांधला गेला. तो थर आता पाण्याखाली आहे.

किनाऱ्यावरच्या अगदी अलीकडच्या काळाच्या खुणाही मनोरंजक आहेत, आणि परस्परविरुद्ध. मुंबईला प्रिन्सेस डॉक ही गोदी 1880 मध्ये खुली झाली. तिची खोदाई चालू असता समुद्राच्या चिखलाखाली शेकडो झाडांचे बुंधे निघाले. त्यांतील कित्येक मुळांसह जागच्या जागी उभे होते. लाकूड खैराचे होते. खैर काही समुद्रात उगवत नाही; तेव्हा तेथील जमीन पाण्याखाली गेली, हे उघड आहे. उलट कोकणात अनेक ठिकाणी किनाऱ्यालगत करळ नावाचा खडक मिळतो. वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चुन्याने सांधले जाऊन तो बनतो. त्याचे काही थर आजच्या भरतीच्या रेषेहून वर आहेत, म्हणजे समुद्र एके काळी तेथवर येत होता. याचे वय काही हजार वर्षांचेच. करळाचा एखादा तुकडा शाळेत अवश्य असावा, कारण त्यातील शिंपले मुलांना नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात आणि वाळूचा दगड कसा होतो हे सांगण्याची गरजच उरत नाही. सहलीस हर्णै किंवा वेळणेश्वरकडे जाल तेव्हा तो पाहावा.

आणि माणूस? रत्नागिरी, राजापूर, लांजा या भागांतील जांभ्याच्या सड्यांवर आदिमानवाने कोरलेली शेकडो चित्रे गेल्या काही दशकांत उजेडात आली आहेत. त्यांना कातळशिल्पे म्हणतात. राजापूर तालुक्यातील कशेळी येथे सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती जमिनीवर कोरलेला असून त्याच्या पोटात इतर अनेक प्राण्यांच्या आकृती आहेत. 2022 मध्ये कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, जांभरुण, उक्षी, कुडोपी वगैरे ठिकाणांचा जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. त्यांच्या वयाविषयी विद्वानांत एकमत नाही. पण या चित्रांत गेंडा आहे, ही गोष्ट मला विशेष वाटते. कोकणात आज गेंडा नाही. माणसाच्या आठवणीत कधी नव्हता. तर मग कोरणाऱ्याने तो पाहिला कोठे?

याचे निम्मे उत्तर आपल्याच बाजूला आहे. भारतातील अश्मयुगीन हत्यार 1863 मध्ये मद्रासजवळ प्रथम ओळखणारे भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट हे पुढे बेळगाव जिल्ह्यात काम करीत होते. गोकाकजवळ, घटप्रभेच्या खोऱ्यातील जुन्या गाळात त्यांना गेंड्याची अश्मीभूत हाडे मिळाली आणि 1874 मध्ये त्यांनी त्यांचे वर्णन 'दख्खनचा गेंडा' अशा अर्थाचे नाव देऊन प्रसिद्ध केले. घटप्रभा ही कृष्णेचीच उपनदी. गोकाक येथून मोटारीने दोन-तीन तासांच्या वाटेवर आहे. म्हणजे ज्या काळ्या रानात आपण आज ऊस लावतो, तशाच नदीकाठच्या गवताळ प्रदेशात एके काळी गेंडे चरत होते. आरंभी मुलांच्या प्रश्नाला मी 'बहुधा नाही' असे उत्तर दिले. त्यातील 'बहुधा' हा शब्द या गेंड्यासाठी राखून ठेवला होता. आपला काळा दगड निर्जीव असला, तरी त्याच्यावर नद्यांनी टाकलेला जुना, कंकरमिश्रित घट्ट गाळ तसा नाही. नदीची दरड कोसळते, विहीर खणली जाते, पुलाचा पाया निघतो, तेव्हा तो उघडा पडतो आणि त्या जागी सर्वांत आधी पोहोचतात ती आपली मुले.

यासाठी शेवटी काही व्यवहाराच्या सूचना करतो. वरळीचे थर इमारतींखाली गेले. कोकणातील सडे चिरेखाणी व रस्ते यांखाली जात आहेत. म्हणून वस्तूइतकीच तिच्या जागेची नोंद मोलाची. मुलाने काही आणले तर प्रथम त्याला ती जागा दाखवावयास सांगावे. दरडीत अडकलेले हाड ओढून काढू नये. त्याच्या शेजारी फूटपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. काळे लाकूड किंवा पानाचा ठसा ओल्या मातीत मिळाल्यास उन्हात ठेवू नये, धुऊ नये. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात बंद करावे. कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने, कारण शाई ओलीने पसरते, गावाचे नाव, शेताचा गट क्रमांक, जमिनीपासूनची खोली, वर-खाली कोणती माती होती, दिनांक आणि आणणाऱ्या मुलाचे नाव लिहावे. मग ती वस्तू जवळच्या ज्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवितात तेथील प्राध्यापकांना, किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्व विभागाला कळवावी. दहांपैकी नऊ वेळा ती गार किंवा गुराचे हाड निघेल. तसे कळल्यावर तेही मुलाला सांगावे आणि वस्तू चिठ्ठीसह त्याला परत द्यावी.